क्लच सोडला की ‘टण्ण’: हाउसिंग उघडण्याआधी खडू घ्या

*मिस्त्रीकाका, नमस्कार. आमची २०१४ची बोलेरो आहे, एक लाख साठ हजार किलोमीटर झालेली. टोमॅटोच्या हंगामात मागची सीट काढून क्रेट भरतो, एरवी घरची माणसं. दोन महिन्यांपासून पहिल्या गिअरला क्लच सोडला की खालून ‘टण्ण’ असा आवाज येतो. रिव्हर्स टाकला की परत येतो. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला तरी तेच. एका गॅरेजवाल्याने चाक हलवून बघितलं आणि ‘हाउसिंग गेलं, क्राऊन-पिनियन टाकावा लागेल’ म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘जुन्या गाडीला प्ले असतोच, चालवा.’ दोघंही बोलत होते माझ्या दिराशी. गाडी मी चालवते. रविवारी माळशेज उतरून कल्याणला लग्नाला जायचंय, सात जण आहोत. जाऊ का? – एक वाचक, नारायणगाव*

ताई, रविवारचं आधी सांगतो. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारी फिरती नळी. तिच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे कोनात फिरू देणारे जोड, डोळ्यांनी बघून, हाताने हलवून ते घट्ट आहेत अशी खात्री होईपर्यंत ही गाडी घाटात न्यायची नाही. लग्नाला एसटीने जा. कारण पुढे येईलच, पण एवढं आधी ठरवून टाका.

आधी त्यांची भाषा. हाउसिंग म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोळा. त्यात डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर, आणि शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणारी क्राऊन-पिनियन ही दातेरी जोडी. प्ले म्हणजे जोडातली ढील. तुम्हाला दोघांनी दोन टोकाची उत्तरं दिली, आणि माझ्या अंदाजाने गाडीखाली डोकं दोघांनीही घातलं नाही. तुम्ही मात्र नीट ऐकलंय. आवाज कधी येतो ते तुम्ही तीन ओळींत लिहिलंय, आणि निम्मं निदान तिथेच झालंय. क्लच सोडताना, रिव्हर्सला आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना, या तिन्ही वेळा एकच गोष्ट घडते: इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या पिळाची दिशा किंवा जोर एकदम बदलतो. नुसत्या खड्ड्यात वाजत असतं तर मी शॉकअपचे बुश बघायला सांगितलं असतं. फक्त पूर्ण वळण घेताना वाजत असतं तर डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरांवर संशय घेतला असता. तुमचा आवाज पिळाचा आहे.

मालगाडी सुटताना कधी फलाटावर उभ्या होतात का? इंजिन हलतं आणि खड्-खड्-खड् करत आवाज शेवटच्या डब्यापर्यंत पळत जातो. प्रत्येक जोडात थोडी ढील असते, ती एकेक करून संपते आणि मग गाडी चालायला लागते. तुमच्या बोलेरोखाली तेच आहे. क्लच प्लेट, गिअरबॉक्स, पुढचा क्रॉस, शाफ्टचा सरकता जोड, मागचा क्रॉस, पिनियन, क्राऊन, डिफरन्शियलचे गिअर, अ‍ॅक्सलचे दाते, अशी रांग आहे. त्यानंतर, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, मागचा अख्खा अ‍ॅक्सल गाडीला पुढे ढकलतो तो पाट्यांमधून, म्हणजे ज्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर गाडी बसते त्यांतून. तिथेही टोकांना बुश आहेत, अ‍ॅक्सलला पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट आहेत, म्हणजे तिथेही ढील पडू शकते. नव्या गाडीतही ही ढील थोडी थोडी असतेच, नसली तर दाते तापून चिकटतील. प्रश्न ‘प्ले आहे का’ हा नाहीच. कोणत्या जोडात हक्काच्या बाहेर गेलाय, हा आहे. म्हणून ‘असतोच’ म्हणणारा अर्धा बरोबर, आणि ‘हाउसिंग गेलं’ म्हणणाऱ्याने अजून काही बघितलेलंच नाही.

त्याने चाक हलवून बघितलं, त्याचा हिशेब मांडून दाखवतो. एक मागचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर आणि गाडी गिअरमध्ये. डिफरन्शियलचं काम असं की क्राऊनचं फिरणं म्हणजे दोन्ही चाकांच्या फिरण्याची सरासरी. एक चाक जमिनीने धरून ठेवलं की दुसरं क्राऊनच्या दुप्पट फिरतं. म्हणजे वरच्या चाकाला दिसणारा प्ले आधीच दुप्पट झालेला असतो. आता चांगल्या क्राऊन-पिनियनच्या दातांमध्ये मोकळीक साधारण ०.१५ मिलिमीटर ठेवतात. क्राऊनची त्रिज्या दहा सेंटिमीटर धरा. तुमचा टायर २१५/७५ आर १५, त्याची त्रिज्या सुमारे पस्तीस सेंटिमीटर. तेवढी मोकळीक टायरच्या कडेला जेमतेम अर्धा मिलिमीटर होते, दुप्पट धरली तर एक. मग टायर बोटभर हलतो तो कशाने? बाकी सगळ्या जोडांनी मिळून. क्रॉसमध्ये नुसता एक अंश प्ले असला तर टायरवर तो एकटाच तीन मिलिमीटर दिसतो. चाक हलवून ‘कुठेतरी ढील आहे’ एवढंच कळतं. ते तर तुम्हाला आवाजानेच कळलं होतं.

आता खडू, टॉर्च आणि एक हाताखालचा माणूस घ्या. दीर असले तरी चालतील, यावेळी बाहेर बसायचं काम त्यांचं. सपाट जागा, इंजिन गार, सायलेन्सर गार. किल्ली काढून तुमच्या खिशात. दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. हँडब्रेक ओढलेला. जॅक अजिबात लावायचा नाही, बोलेरोखाली गोणपाट टाकून माणूस आरामात सरकतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं एक मागचं चाक उचललं की गाडी गिअरमध्ये असूनही धरून राहत नाही. उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी जॅकवरून चालायला लागते. ‘गिअरमध्ये टाकलीय ना’ म्हणून खाली गेलेली आणि जखमी होऊन बाहेर आलेली माणसं मी पाहिली आहेत.

पहिली फेरी न्यूट्रलमध्ये. मागे जा, शाफ्टच्या मागच्या टोकाशी. तिथे एका बाजूला शाफ्टचा योक, म्हणजे दोन कानांचा चिमटा, दुसऱ्या बाजूला पिनियनची फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती, आणि मधे अधिकाच्या खुणेसारखा क्रॉस. त्याच्या चार टोकांना चार कप असतात आणि कपांच्या आत ओळीने उभ्या बारीक सुया, म्हणजे नीडल. माती फडक्याने पुसा आणि योकपासून फ्लँजपर्यंत खडूने एक सरळ रेघ ओढा. दोन्ही हातांनी शाफ्ट धरून इकडून तिकडे पिळा, जोर लावायची गरज नाही. टक्-टक् हाताला लागेल. आता हात विसरा आणि फक्त रेघेकडे बघा. शाफ्टकडची अर्धी रेघ आधी हलली आणि फ्लँजकडची अर्धी थांबून मग हलली, म्हणजे रेघ तुटली, तर दोष क्रॉसमध्ये. क्रॉसला ढिलाईचा हक्क शून्य. केसाएवढीसुद्धा तुटली तर बदला. रेघ अखंड राहून दोन्ही बाजू एकत्रच हलत असतील, तर तो प्ले मागे डिफरन्शियलच्या आत आहे.

तिथेच असताना क्रॉसजवळ शाफ्ट वर उचलून बघा, मग जाड स्क्रू ड्रायव्हर योकच्या फटीत घालून तरफेसारखा हलकेच दाबा. आणि कपांच्या कडेला टॉर्च मारा. गेरूसारखी भुकटी दिसली तर समजा की ग्रीस कधीच संपलंय, आत सुयांचा गंज झालाय आणि तोच बाहेर येतोय. अशा क्रॉसने काही दिवस आधी चिमणीसारखी चिवचिव केलेली असते, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी. ती ऐकली होती का, आठवून बघा. बहुतेक जण समजतात बेल्ट ओरडतोय.

मग फ्लँज हाताने धरून वर-खाली आणि आत-बाहेर ओढा. गोल फिरण्यात दोन-तीन मिलिमीटर हलली तर या वयाच्या गाडीत मी भुवईसुद्धा उचलणार नाही. पण वर-खाली किंवा आत-बाहेर जरा जरी हलली, तर पिनियनचं बेअरिंग गेलंय आणि पहिला गॅरेजवाला चुकून का होईना बरोबर ठरला. फ्लँजच्या मागे तेलाची ओल असेल तर तीही लिहून ठेवा.

दुसरी फेरी पहिल्या गिअरमध्ये. न्यूट्रलमध्ये पुढची बाजू मोकळी फिरते म्हणून पुढच्या क्रॉसचा प्ले दिसतच नाही. गिअर टाकला की ती बाजूही धरली जाते. पुढच्या क्रॉसवर तशीच रेघ, तसाच पीळ. शाफ्टला एक सरकता जोड असतो, दात्यांचा, कारण पाटे दबले-उठले की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते. त्याच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक चालते. तो कोरडा पडला की गाडी ब्रेक लावून थांबल्यावर एक टक् आणि निघताना एक टक् असा आवाज देतो, चांगला क्रॉस असूनही. निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असेल तर ग्रीस मारून दोन दिवस चालवून बघा, कित्येकदा तेवढ्यात काम होतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचा रबर फाटलाय का तेही बघून घ्या.

तिसरी जागा पाटे, आणि इथे जरा थांबतो, कारण इथे मी स्वतः माती खाल्लेली आहे.

कराडला माझं गॅरेज नवीन होतं तेव्हाची गोष्ट. वडापची, म्हणजे सीट भरून भाडं मारणारी, जीप आली होती, तुमच्यासारखाच आवाज. मालक म्हणाला मागून वाजतंय, मी मागे कान लावला, मागूनच वाजत होतं. क्रॉस नवे टाकलेले दिसले. मग राहिलं काय? रात्री हाउसिंग सोडलं. आतले दाते बघितले, ठीकच होते, पण उघडलंच आहे तर म्हणून शिम, म्हणजे मोकळीक ठरवणाऱ्या पातळ चकत्या, बदलून मोकळीक कमी केली. सकाळी जोडून बाहेर काढली आणि चौकात क्लच सोडला. टण्ण. मालकाची दोन दिवसांची कमाई बुडाली, माझी अब्रू गेली. दुपारी उस्ताद आले. मला वाटलं स्टेथोस्कोप काढतील. त्यांनी चहा मागवला, खाली वाकले आणि बोट ठेवलं. पाट्यावर सगळीकडे सुकलेला चिखल आणि पाटा अ‍ॅक्सलवर जिथे टेकतो त्या बैठकीला लागून नखाएवढ्या रुंदीची लोखंडाची पट्टी, घासून चांदीसारखी चकचकीत. यू-बोल्ट ढिले झाले होते, आतला सेंटर बोल्ट तुटला होता. क्लच सोडला की अ‍ॅक्सल नखभर पुढे सरकायचा, रिव्हर्सला नखभर मागे. शाफ्ट पोकळ नळी, ती तो ठोका ढोलासारखी वाजवून सगळीकडे पोचवायची. म्हणून ‘मागून येतो’ या ऐकण्याला मी तेव्हापासून पुराव्यात धरत नाही.

तुम्ही गाडीत क्रेट भरता, म्हणून हे नक्की बघा. बैठकीजवळ चकाकी आहे का, यू-बोल्टचे नट हलतात का, पाट्याच्या टोकाच्या शॅकलचे, म्हणजे झुलत्या कडीचे, बुश झिजून पिन एका बाजूला टेकलीय का. पाट्यावर आणि बैठकीवर मिळून एक खडूची रेघ ओढा. मग कुणाला तरी गाडीत बसवा. यावेळी चालकाच्या जागेवर तुमचा विश्वासातला माणूस हवा. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर पक्का, क्लच नुसता पकड घेईपर्यंत सोडायचा आणि परत दाबायचा. आधी पहिल्यात, मग रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला चार हात लांब उभं राहून बघायचं. गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही आणि खाली तर मुळीच नाही. रेघ तुटली तर अ‍ॅक्सल सरकतोय. याच वेळी बॉनेट उघडून दुसऱ्या कुणाला, समोर नव्हे तर बाजूला उभं राहून, इंजिन बघायला सांगा. ते एका बाजूला उडी मारून परत बसत असेल, किंवा आत गिअरचा दांडा झटका खात असेल, तर इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचा रबर फाटलाय. त्याचा आवाज मात्र ‘टण्ण’ नसतो, ‘धप्प’ असतो. रबराचा आवाज बसका, लोखंडाचा खणखणीत. कानाला एवढा फरक कळतो.

क्लच प्लेटच्या स्प्रिंगा मोडल्या तरी सोडताना खडखडतं, पण तेव्हा पकडही थरथरत येते. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, तेव्हा ते सोडून देतो.

तुमचं पत्र वाचून माझा पहिला संशय मागच्या क्रॉसवर आहे, दुसरा यू-बोल्टांवर. पत्रावरून निदान म्हणजे फोनवरून नाडी बघण्यासारखं आहे, म्हणून पैज लावत नाही. आणि आता घाटाचं कारण. साठच्या वेगाला तुमचं चाक मिनिटाला साडेचारशे फेऱ्या घेतं, शाफ्ट त्याच्या साधारण चौपट, म्हणजे अठराशे. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं मागचं टोक रस्त्यावर आपटत फरफटत येतं, आजूबाजूचे पाइप फोडतं. पुढचा तुटला तर आणखी वाईट, पुढचं टोक डांबरात रुतू शकतं आणि गाडी त्यावर उचलली जाते. शिवाय उतारावर आपण इंजिनाच्या भरवशावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो. शाफ्ट सुटला की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध संपला, गिअर कोणताही असो. उरतात फक्त ब्रेक, आणि सात माणसं घेऊन माळशेजच्या उतारावर ते तापायला वेळ लागत नाही.

समजा दोन्ही रेघा अखंड राहिल्या, पाटे ठीक निघाले आणि प्ले खरंच डिफरन्शियलमध्ये सापडला. तरी लगेच उघडू देऊ नका. आधी तेलाचा नट काढून थोडं तेल वाटीत घ्या. गॅरेजात नव्वद नंबर म्हणतात ते. या दातांना ८०-९० जातीचं, हायपॉइड गिअरसाठीचं तेल लागतं, आणि पातळी कमी असेल तर तीच पहिली बातमी. तेल बोटांवर चोळा. नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लगदा दिसेल, काजळासारखा. तो नेहमीचा. पण नखाने उचलता येईल असा कण किंवा चकाकणारा तुकडा निघाला, तर आत काहीतरी मोडतंय. गाडी चालवताना एक ठरावीक गुणगुण येत असेल, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चढणारी आणि सोडल्यावर सूर बदलणारी, तर दाते किंवा बेअरिंग बोलतायत. तुम्ही गुणगुण लिहिलेली नाही. तेल स्वच्छ, गुणगुण नाही, फ्लँज वर-खाली हलत नाही, अशा हाउसिंगला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. थोडा टक् राहू द्या.

आणि उघडायचीच वेळ आली तर करणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. ‘डायल गेज आहे का?’ आणि ‘शेंदूर लावून दाखवाल का?’ डायल गेज म्हणजे दातांमधली मोकळीक मोजायचं काटेवालं माप. शेंदराला हसू नका. मारुतीला लावतात तो शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावतात, पिनियन फिरवतात आणि दाते कुठे टेकले त्याचे ठसे बघतात. ठसा दाताच्या मधोमध पडायला हवा. टोकाला किंवा मुळाशी पडला तर शिम बदलून परत. हल्ली निळा रंगही वापरतात. हे न करता बसवलेला नवा क्राऊन-पिनियन पहिल्या दिवसापासून रडतो, आणि जुना टक् बरा होता असं म्हणायची वेळ येते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात, त्यातला एकच बदलून मिळणार असेल तर घेऊ नका. आणि कुणी म्हणाला, ‘पिनियनचा नट जरा आवळून देतो, प्ले जाईल’, तर किल्ली घ्या आणि घरी या. नट आवळून दातांमधली मोकळीक कमी होत नाही, बेअरिंगवरचा दाब वाढतो आणि ते जळतं. भंगारातलं अख्खं हाउसिंग स्वस्तात मिळतं हेही तुम्हाला कुणीतरी सांगेल. मिळतं, पण दाते मोजून तुमच्याच हिशेबाचं असेल तरच. नाहीतर स्पीडोमीटर खोटा आणि इंजिनाची ओढ वेगळी.

क्रॉस निघाला, जे मला जास्त शक्य वाटतं, तर काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण बसवताना समोर उभ्या राहा. शाफ्ट सोडण्याआधी फ्लँजवर, योकवर आणि सरकत्या जोडावर खुणा केल्या पाहिजेत. हा जोड कोनात फिरला की एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले तरच एकाची चूक दुसरा फेडतो. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने हा जोड ओळखतात, शाळेत स्प्रिंगच्या नियमात भेटतो तोच हा हूक. खुणा चुकवून सरकता जोड भलत्या दात्यांवर बसवला तर टक् जाईल आणि त्याजागी थरथर येईल, आणि मग टायर बॅलन्सिंगवर पैसे जातील.

आणि आता ती जागा जिथे बहुतेक काम बिघडतं. नवा कप योकच्या कानात ठोकत आणतात, तो जवळजवळ पूर्ण जातो आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडतो. कप धरून ठेवणारी कडी, सर्क्लिप, बसत नाही. तिथे अडाणी हात मोठा हातोडा उचलतो. अडण्याचं कारण एकच असतं: आतली एक सुई आडवी पडलेली असते, कपाच्या तळाशी, काडेपेटीत काडी आडवी पडावी तशी. तो जोरात ठोकला की सुई मोडते, कप बसल्यासारखा दिसतो आणि महिन्याभरात तुम्ही मला परत पत्र लिहिता. खरा उपाय कप बाहेर काढायचा, सुया जाड ग्रीसने भिंतीला चिकटवायच्या, हातात क्रॉस सरळ धरून पुन्हा घालायचा. चारही सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्यावर क्रॉस बोटाने हलवून बघा. सगळीकडे सारखा, मऊ फिरायला हवा. एका जागी अडत असेल तर योकच्या कानावर बाहेरून हलकी थाप मारली की सैल होतो. मग निपलमधून ग्रीस, चारही कपांच्या कडेतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. तीनच कपांतून आलं तर चौथ्याची वाट बंद आहे. चालेल म्हणू नका, परत काढायला लावा. फ्लँजचे बोल्ट त्याच जातीचे, पोलादी. हार्डवेअरच्या दुकानातले साधे नाहीत. सुटलेला एकच बोल्टसुद्धा अगदी तसाच टण्ण करतो. ते खरं तर सगळ्यात आधी, पान्याने, तुम्हीच बघून घ्या. मी शेवटी लिहितोय ही माझी चूक.

पुढच्या सर्व्हिसला ग्रीस मारलं असं बिलावर लिहिलेलं असेल तेव्हा खाली वाकून निपल बघा. पुसलेलं आणि टोकाला ताजं ग्रीस असेल तर मारलंय, धुळीने माखलेलं असेल तर फक्त लिहिलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातलीत तर सर्व्हिसची वाट न बघता त्याच आठवड्यात मारून घ्या, आणि नवे यू-बोल्ट टाकावे लागले तर पाचशे किलोमीटरला, क्रेट भरायच्या आधी, परत एकदा आवळून.